श्याम एकच, ओळखी अनेक

पिंप्राळ्यातील एखाद्या घरात आजी, वडील आणि नातू यांना ‘श्याम कोण?’ असे विचारले, तर तीन निरनिराळी उत्तरे मिळण्याचा संभव आहे. आजीला पुस्तकातला श्याम आठवेल, वडिलांना रेडिओवर ऐकलेल्या गाण्यातला आणि नातवाला पडद्यावर पाहिलेला. नाव एकच, पण प्रत्येकाच्या मनातील मूर्ती वेगळी.

‘श्यामची आई’ची कथा कोकणात घडते. तरीही खानदेशाला ती परकी वाटत नाही, कारण ती सांगणारे साने गुरुजी जळगाव जिल्ह्यातील अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते. १९३० साली नोकरी सोडून ते सत्याग्रहात उतरले. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचने दिली, ती गुरुजींनी ऐकता ऐकता लिहून घेतली. पुढच्याच वर्षी, १९३३ च्या फेब्रुवारीत, नाशिकच्या तुरुंगात त्यांनी ‘श्यामची आई’ अवघ्या काही दिवसांत लिहून काढले. दुसऱ्याची वाणी कागदावर उतरविणाऱ्या या हाताने स्वतःचे पुस्तकही बोलल्यासारखेच लिहिले. त्यातील भागांना प्रकरणे म्हटलेले नाही. ‘रात्र पहिली’, ‘रात्र दुसरी’ असे म्हटले आहे.

म्हणून पुस्तकातील श्याम हा केवळ लहान मुलगा नाही. तो मोठा झालेला आहे, आई जाऊन बराच काळ लोटला आहे आणि आश्रमातील मित्रांना तो रोज रात्री आठवणी सांगतो आहे. पोहायला जायचे टाळून लपलेल्या श्यामला आई फोकाने मारते, तेव्हा मार खाणारा मुलगा वेगळा आणि तो मार कृतज्ञतेने सांगणारा माणूस वेगळा. या दोघांमधील अंतर हाच त्या पुस्तकाचा प्राण होय. आपल्या वागण्याचा जमाखर्च श्याम मागाहून मांडतो, आणि चुकीची बाजू लपवीत नाही.

१९५३ साली आचार्य अत्रे यांनी या कथेवर चित्रपट काढला. गुरुजी १९५० सालीच निवर्तले होते. तो पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. वनमाला यांनी आईची आणि माधव वझे यांनी श्यामची भूमिका केली. राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार सुरू झाले, त्या पहिल्याच वर्षी या चित्रपटाला राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले. येथे श्यामचे वय बदलले. प्रेक्षकांच्या मनात राहिला तो निवेदन करणारा प्रौढ नव्हे, आईकडे पाहणारा मुलगा. पुस्तकात आई श्यामच्या शब्दांतून भेटते. पडद्यावर तिचा चेहरा थेट समोर येतो. मारणारा हात आणि डोळ्यांतील पाणी एकाच क्षणी दिसते. हे सामर्थ्य शब्दांना सहसा लाभत नाही. उलट, वर्षांनंतर जागे होणारे ‘मी चुकलो होतो’ हे भान कॅमेऱ्याला दाखविणे अवघड असते.

वसंत देसाई यांच्या संगीताने या कथेला आणखी एक वाट मिळाली. द्रौपदी आणि कृष्णाच्या बंधुप्रेमाचे आशा भोसले यांनी गायिलेले गीत, तसेच शाळेतल्या छडीचे खट्याळ गाणे रेडिओवरून घरोघर पोहोचले. ज्यांनी पुस्तक उघडले नव्हते, त्यांच्याही ओठांवर ती आली. मात्र येथे श्यामचा चेहरा नाही, गरिबी नाही, पश्चात्तापही नाही. उरते ती आईची शिकवण आणि मुलांचा खोडकरपणा.

२०२३ साली सुजय डहाके यांनी पुन्हा हीच कथा पडद्यावर आणली, तीही कृष्णधवल रंगांत. त्यात ओम भुतकर यांनी साने गुरुजी साकारले. सत्तर वर्षांनी तो सांगणारा प्रौढ माणूस बालश्यामच्या शेजारी पडद्यावर उभा राहिला.

माध्यम बदलले की पात्र बदलते, याची खंत करण्याचे कारण नाही. पण कोणत्या रूपात काय मागे राहते, ते ठाऊक असावे. व्यापारी कुटुंबांनी थांबून वाचावी अशी एक रात्र या पुस्तकात आहे. कर्जाला ती जिवंतपणीचा नरक म्हणते. सावकाराचा माणूस वसुलीसाठी दारी येतो, घरच्या स्त्रीविषयी नको ते बोलतो आणि एरवी सोशिक असलेली आई संतापून त्याला सुनावते. पेढीवर बसणाऱ्याला येणे-बाकी वहीत दिसते. ती वसूल होताना देणेकऱ्याच्या घरातले मूल काय पाहते आणि काय आयुष्यभर लक्षात ठेवते, ते वहीत दिसत नाही. येणे मागणे न्यायाचेच आहे. ते कोणत्या शब्दांत मागावे, हा प्रश्न ही रात्र उभा करते. पडद्यावर असा प्रसंग काही क्षणांत सरतो आणि पुढचे दृश्य येते. पुस्तकात मात्र तेथे थांबता येते, मागे जाता येते.

सूर्यास्तापूर्वी जेवण आटोपणाऱ्या घरांत सायंकाळचा थोडा वेळ मोकळा असतो. चातुर्मासात तर कथा ऐकण्याची सवयही असते. त्या वेळी रोज एक रात्र मोठ्याने वाचावी. आजीने एक वाचावी, दुकानातून परतलेल्या वडिलांनी एक, अडखळत का होईना नातवानेही एक. चित्रपट त्यानंतर सर्वांनी मिळून पाहावा. कर्जाची ती रात्र वाचताना मुलाने ‘आपणही असे कोणाकडे माणूस पाठवतो का?’ असे विचारले, तर पुस्तक बाजूला ठेवून आधी त्याला खरे उत्तर द्यावे.