पाटी देशी, प्रोसेसर परका

'स्वदेशी महासंगणक' हे बिरुद आपण अजून पुरते कमावलेले नाही, ते आताच मिरवू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. सी-डॅक या सरकारी संगणन संस्थेचे तीन 'परम रुद्र' महासंगणक सप्टेंबर २०२४ मध्ये राष्ट्रार्पण झाले. सर्व्हर देशी, प्रोसेसर मात्र इंटेलचे. १९९१च्या 'परम ८०००'मध्येही ब्रिटिश ट्रान्सप्युटर प्रोसेसरच होते.

आता याच सी-डॅकचा 'ध्रुव ६४' हा देशी प्रोसेसर आला आहे. दोन कोअर, वेग एक गिगाहर्ट्झ. महासंगणकाचे ओझे त्याला पेलणारे नाही. उद्या कुणी उत्साहाच्या भरात हवामानशास्त्रज्ञांवर देशी चिपची सक्ती केली, तर पावसाचा अंदाज पाऊस पडून गेल्यावर हाती येईल. पण वीजमीटर, राउटर, कारखान्यातील नियंत्रक यांना एवढी ताकद पुष्कळ झाली. सरकारी खरेदी तिथून सुरू व्हावी. गिऱ्हाईक नसलेली चिप प्रदर्शनाच्या काचेतच राहते.

गोव्यापुरते बोलायचे, तर फर्मागुढीच्या आयआयटीत राष्ट्रीय महासंगणन मोहिमेचे प्रशिक्षण केंद्र आहे. कारापूर तिस्कावर कॉलेजची बस धरणाऱ्या किती मुलांना ते ठाऊक असेल? डिचोली-पेडण्यातील महाविद्यालयांसाठी तिथे राखीव वेळ राज्य सरकारने मागून घ्यावा. तुयेच्या इलेक्ट्रॉनिक्स वसाहतीत देशी प्रोसेसरवर सर्किट बोर्ड उभारणाऱ्यांना भूखंडात अग्रक्रम द्यावा. येत्या अर्थसंकल्पात या दोन्ही गोष्टी आकड्यांसह दिसल्या पाहिजेत.