हार्ट देण्याआधी एका उंदरिणीचं ऐका

एप्रिल २०२५मध्ये अमेरिकेच्या एफडीएने एक आराखडा जाहीर केला. काही प्रकारच्या औषधांसाठी प्राण्यांवरच्या चाचण्या टप्प्याटप्प्याने कमी करायच्या आणि त्याऐवजी संगणकी मॉडेल्स, प्रयोगशाळेत पेशींपासून वाढवलेले चिमुकले अवयव वगैरे वापरायचे. भारतानेही २०२३मध्ये नव्या औषधांच्या नियमांत अशा पद्धतींना जागा करून दिली. तुमच्यापैकी काहींनी ही बातमी स्टोरीला टाकलीही असेल. प्राणी वाचणार, त्यात वाईट काय? काहीच नाही. फक्त हार्ट देण्याआधी एका गाभण उंदरिणीची गोष्ट ऐका.

पोटातल्या बाळात निम्मे जीन्स वडिलांचे, म्हणजे आईच्या शरीरासाठी 'परके'. तरी तिची रोगप्रतिकारक यंत्रणा त्याला हाकलत का नाही, हा प्रश्न पीटर मेडावार यांनी १९५३मध्येच विचारला होता. बहुतेक वेळा सगळं निभावतं. पण काही जणींची ही यंत्रणा स्वतःच्याच शरीराविरुद्ध अँटीबॉडी बनवते. अँटीफॉस्फोलिपिड सिंड्रोम हा त्यातलाच एक आजार. यात रक्ताच्या गुठळ्या होतात आणि गर्भही पुन्हा पुन्हा पडतो. डॉक्टरांनी सरळ गणित मांडलं: वारेतल्या, म्हणजे प्लॅसेंटातल्या रक्तवाहिन्या गुठळ्यांनी तुंबत असणार. उपाय काय? रक्त पातळ करणारं हेपॅरिन, सोबत ॲस्पिरिन. अनेकींना गुण आला. उत्तर बरोबर, म्हणजे रीतही बरोबर असणार, असं सगळ्यांनी धरून चाललं. (परीक्षेत आपणही हेच करतो.)

न्यूयॉर्कच्या हॉस्पिटल फॉर स्पेशल सर्जरीमध्ये जेन सॅमन आणि गिलेरमिना जिरार्डी यांनी ही रीत तपासायला घेतली. रुग्ण महिलांच्या रक्तातल्या अँटीबॉडी त्यांनी गाभण उंदरिणींना टोचल्या. पोटातले कितीतरी गर्भ आतल्या आत जिरून गेले. मग त्याच अँटीबॉडी 'कॉम्प्लिमेंट'मधली ठरावीक प्रथिनं नसलेल्या उंदरिणींना दिल्या, तर गर्भ वाचले! कॉम्प्लिमेंट म्हणजे रक्तातला धोक्याचा भोंगा. तो वाजला की पांढऱ्या पेशी धावत येतात, जळजळ सुरू होते आणि त्या हाणामारीत वारेचं नुकसान होतं.

खरी गंमत २००४मध्ये आली. हेपॅरिनऐवजी रक्त पातळ करणारी दुसरी दोन औषधं देऊन पाहिली. एक फोंडापॅरिनक्स आणि दुसरं हिरुडिन, जे मुळात जळवेच्या लाळेत सापडलं. दोन्हींनी रक्त गोठणं रोखलं, गर्भ मात्र वाचले नाहीत. हेपॅरिनने वाचले, कारण ते तो भोंगाही बंद करतं. म्हणजे त्या उंदरिणींमध्ये मुख्य गुन्हेगार गुठळी नव्हतीच.

आता विचार करा, हा प्रयोग गरोदर बाईवर कोण करणार? आणि बशीतल्या पेशींवर केला असता तर? तिथे वार, रक्त, पांढऱ्या पेशी आणि वाढता गर्भ एकत्र नांदत नाहीत. भोंगा वाजला असता कदाचित, पण धावून कोण आलं असतं?

म्हणून उंदराला देव्हाऱ्यात बसवायचं असंही नाही. त्याची गर्भावस्था तीन आठवड्यांची. माणसात वारेच्या पेशी गर्भाशयात जितक्या खोल शिरतात, तितक्या उंदरात शिरत नाहीत. शिवाय इथे अँटीबॉडी बाहेरून टोचलेल्या होत्या. थॅलिडोमाइडने माणसाच्या बाळांचे हातपाय खुंटवले, तेव्हा उंदरांची पिल्लं बऱ्यापैकी सुटली होती. त्यामुळे 'प्राणी की चिप' हा वाद हॅशटॅगवर सुटणारा नाही. कुठल्या प्रश्नासाठी प्राणी अजून लागतो आणि कुठे आपण निव्वळ सवयीने वापरतोय, हे प्रश्नागणिक ठरवावं लागेल. पेशींवर भागण्यासारखं असताना उंदीर मारणं मलाही पटत नाही.

हे सगळं फार लांबचं वाटतंय? आपल्या घरांत एकदा गर्भ पडला तर नशीब, दुसऱ्यांदा पडला की 'हिचंच काहीतरी' असं कुजबुजतात. तुमच्या ताई-वहिनीबद्दलही कुणी बोललं असेल. या अँटीबॉडी रक्ततपासणीत कळतात. निदान पक्कं व्हायला किमान १२ आठवड्यांच्या अंतराने ती दोनदा करावी लागते, इतकंच.

उंदरिणींचा धागा पुढेही गेला. त्या हाणामारीत टीएनएफ नावाचं प्रथिनही सामील असल्याचं दिसलं होतं. ते रोखणारं सर्टोलिझुमॅब हे औषध मग जास्त धोका असलेल्या गरोदर महिलांना हेपॅरिन आणि ॲस्पिरिनच्या जोडीने दिलं गेलं. त्याचे निष्कर्ष २०२५मध्ये आले. गर्भ दगावणं किंवा वारेच्या बिघाडामुळे फार लवकर बाळंतपण करावं लागणं, असं ४५ पैकी ९ जणींच्या बाबतीत झालं, म्हणजे २० टक्के. आधीच्या अनुभवावरून अंदाज होता ४० टक्क्यांचा. चाचणी छोटी होती आणि तुलनेसाठी औषध न दिलेला दुसरा गट त्यात नव्हता. तशी मोठी चाचणी अजून व्हायला हवी. ती मात्र उंदरांवर नाही, माणसांवरच करावी लागेल.