वाळू ओली की कोरडी?

लाँग वीकएंडला वेंगुर्ल्याला जायचं ठरलं की ग्रुपमध्ये सरळ दोन तट पडतात. एका तटाला फक्त सुरमईची तुकडी आणि सोलकढी दिसते. दुसरा बॅगेत रनिंग शूज भरतो आणि सकाळी साडेसहाला सागरेश्वरच्या किनाऱ्यावर 'फॅट बर्न' करायला हजर. आजचा कॉलम या दुसऱ्यांसाठी. पहिल्यांनी जेवून घ्या, तुमच्याकडेही येतोय.

जिममधल्या ट्रेडमिलवर तो रंगीत तक्ता असतो बघा. हळू चाललात तर 'फॅट बर्निंग झोन', पळालात तर 'कार्डिओ'. तक्ता खोटा नाही, अर्धवट आहे. मध्यम वेगात शरीर इंधनाचा मोठा वाटा चरबीतून घेतं, हे खरं. दम लागायला लागला की स्नायूंना झटपट इंधन हवं असतं, मग साखरेचा वाटा वाढतो. पण तेव्हा एकूण खर्चही वाढलेला असतो! शिवाय पोट काही त्या अर्ध्या तासावर ठरत नाही. व्यायामात साखर जास्त जाळली, तर उरलेल्या दिवसात शरीर चरबीकडे जास्त वळतं. हिशेब चोवीस तासांचा.

मग एचआयआयटी? जपानच्या इझुमी ताबाता यांचा वीस सेकंद जोर, दहा सेकंद आराम हा प्रयोग १९९६ चा. त्यात प्रश्न दम किती वाढतो हा होता, पोटाचा घेर नव्हे. पुढे बऱ्याच अभ्यासांची बेरीज झाली, तेव्हा दिसलं ते असं, की जोरकस इंटरव्हल आणि निवांत सलग चालणं, चरबी दोन्हींनी साधारण सारखीच उतरते. इंटरव्हलला वेळ कमी लागतो, इतकंच. 'आफ्टरबर्न'चा गाजावाजा मात्र फुकट. नंतर जळणाऱ्या कॅलरीज अगदी थोड्या असतात.

आता वाळू. बेल्जियमच्या संशोधकांनी १९९८ मध्ये मोजलं होतं: भुसभुशीत वाळूत चालायला कडक जमिनीपेक्षा २.१ ते २.७ पट ऊर्जा लागते. म्हणजे सागरेश्वरला लाटांजवळची ओली, घट्ट वाळू हा तुमचा मध्यम झोन, आणि वर सुरूच्या झाडांकडची कोरडी वाळू म्हणजे फुकटातलं इंटरव्हल. वजन बरंच जास्त असेल तर ओल्या वाळूनेच सुरुवात करा. गप्पा मारता येतात पण गाणं म्हणता येत नाही, एवढा वेग पुरे. पहिल्याच दिवशी स्प्रिंट मारणारा तिसऱ्या दिवशी गुडघा धरून बसतो, आणि मग महिनाभर काहीच होत नाही. (आणि छातीत दुखत असेल तर आधी डॉक्टर, मग समुद्र.)

'मी कुठे जाडा आहे?' म्हणणाऱ्यांनी पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांचा फोटो आठवावा. २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये ते आणि ब्रिटनचे जॉन युडकिन शेजारी शेजारी उभे होते. दोघांचाही बीएमआय २२.३. चरबी मात्र युडकिनांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२! आपल्याकडची चरबी अशी लपून बसते, त्यातली पोटातली सगळ्यात तापदायक. घरात आई-बाबांना डायबेटिस असेल तर काट्यापेक्षा टेप जास्त महत्त्वाची: पुरुषांना ९० सेंटीमीटर, बायकांना ८०. नियमित व्यायामाने वजन जागचं हललं नाही तरी ही आतली चरबी घटू शकते. काटा बघून जिम सोडणारे नेमके इथेच फसतात.

मेटाबॉलिझमचं म्हणाल, तर वजन उतरलं की शरीराचा बसल्या जागेचा खर्चही उतरतो. नुसतं डाएट केलं तर स्नायूही जातात. म्हणून आठवड्यातून दोनदा वजनं उचला. या किनाऱ्यावर रापण ओढणाऱ्यांचे दंड बघा, त्यांना कुणी 'रेझिस्टन्स ट्रेनिंग' शिकवलेलं नाही.

हं, सुरमईवाले. जेवल्यावर दहा-पंधरा मिनिटं चाललात तरी स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात. वेग कितीही चालेल. बंदरापर्यंत जाऊन या, पण रिक्षाला थांबायला सांगू नका.