‘मराठी संपली’ म्हणण्याआधी मोजूया

‘ग्वाल्हेरात मराठी संपत चालली आहे’ हे वाक्य आपल्या मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमात कुणी ना कुणी म्हणतंच. लगेच दुसरं कुणी म्हणतं, छे, अजून घराघरात बोलतात की! पुरावा म्हणून दोघांकडेही स्वतःचं घर आणि शेजारची चार घरं. मला वाटतं, साहित्याच्या विद्यार्थ्यांनी संशोधनपद्धतीच्या पेपरात संख्याशास्त्र शिकायचं ते अशाच वादांसाठी. पण ‘आपण आर्ट्सवाले’ म्हणत आपण तो भाग परीक्षेच्या आदल्या रात्री पाठ करतो आणि नंतर विसरतो.

आधी देशाचेच आकडे घ्या. २००१ च्या जनगणनेत मराठी भाषक सुमारे ७ कोटी १९ लाख होते, २०११ मध्ये ८ कोटी ३० लाख. म्हणजे १ कोटी ११ लाखांनी वाढ. आता टक्केवारी बघा : ६.९९ वरून ६.८६. संख्या वाढली, पण वाटा घटला, कारण देशाची लोकसंख्या साधारण १७.७ टक्क्यांनी वाढली आणि मराठी भाषक १५.४ टक्क्यांनी. एकाने ‘मराठी वाढली’ अशी बातमी केली आणि दुसऱ्याने ‘मराठी घटली’ अशी, तर दोघेही खरे. म्हणून आकडा ऐकला की पहिला प्रश्न विचारायचा : हा कशाच्या तुलनेत?

दुसरा प्रश्न व्याख्येचा. जनगणनेत मातृभाषा म्हणजे लहानपणी आई आपल्याशी जी भाषा बोलली ती. आज तुम्ही कोणत्या भाषेत वाचता, भांडता, मेसेज करता, हे त्या रकान्यात येत नाही. गजानन माधव मुक्तिबोध १९१७ साली आपल्याच ग्वाल्हेर संस्थानातल्या श्योपूरला जन्मले. घर मराठी, पण ते मोठे झाले हिंदीचे कवी म्हणून. त्यांचे भाऊ शरच्चंद्र मराठीत लिहीत राहिले आणि १९७९ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्यांना मराठीसाठी मिळाला. मातृभाषेच्या रकान्यात मात्र दोघं भाऊ एकाच जागी बसतील. मोजणीचा नियम बदलला की माणसाची जागा बदलते. नाताळच्या गोष्टीत योसेफ राहतो नाझरेथला, पण शिरगणतीसाठी जातो बेथलेहेमला, कारण नोंद मूळ गावी करायची होती. आपल्याला जे मोजायचंय तेच आपण मोजतोय का, याला पुस्तकात ‘वैधता’ म्हणतात. व्याख्या पाठ करण्यापेक्षा हे दोन भाऊ लक्षात ठेवलेले बरे.

आता नमुना. समजा, आपण ‘तुम्ही घरी मराठी बोलता का?’ असा गूगल फॉर्म केला आणि मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. भरणार कोण? ज्यांना मराठीची आस्था आहे तेच. मग नव्वद टक्के ‘हो’ आलं, तर त्यात नवल काय! इथे आपल्यातले बरेच जण म्हणतील, मग आणखी पाचशे लोकांना पाठवू. पण चूक एकाच दिशेला झुकलेली असेल तर संख्या वाढवून ती जात नाही. साताऱ्याकडचे पां. वा. सुखात्मे यांनी १९४० च्या दशकात पिकांच्या पाहणीत हेच दाखवलं. शेतातला अगदी लहान तुकडा कापून उत्पन्नाचा अंदाज बांधला की तो जास्त येतो, कारण कडेवरची रोपं आत धरली जातात. असे हजार तुकडे कापले तरी अंदाज जास्तच येणार.

नमुना खरोखर चिठ्ठ्या टाकून, म्हणजे यादृच्छिक काढला, तरच आकाराला अर्थ येतो. १०० जणांच्या अशा नमुन्यात टक्केवारी साधारण १० टक्के इकडे-तिकडे होऊ शकते, ४०० जणांत ५. चूक निम्मी करायला चौपट माणसं लागतात.

पण चिठ्ठ्या कोणत्या यादीतून काढायच्या? मध्य प्रदेशात मराठी भाषक जेमतेम १.७ टक्के, त्यामुळे कुठलीही चारशे घरं घेऊन चालणार नाही. लश्करात बाड्याभोवती जुनी मराठी वस्ती आहे. मुरार ही इंग्रजांची छावणी, ती १८८६ साली शिंद्यांकडे परत आली. दोन्हीकडची वस्ती वेगळी, म्हणून दोन्हींतून वेगवेगळा नमुना हवा. आणि गणेशोत्सवाच्या वर्गणीची यादी घेऊन तुम्ही मराठी घरं शोधलीत, तर आमचं घर त्यात नसेल. आम्ही मिस्साला हिंदीत उत्तरं देतो, पण संध्याकाळची रोझरी घरी मराठीतच होते. राज्यात ख्रिस्ती लोक ०.२९ टक्के, त्यातली मराठी घरं आणखी थोडी. जे यादीतच नाहीत ते निकालात कुठून येणार? आणि मग निकाल वाचून कुणी म्हणेल, इथे मराठी ख्रिस्ती नाहीतच.

शेवटी सरासरी. समजा, पाच घरांत मराठी पुस्तकं अनुक्रमे २, ३, ४, ६ आणि १८५ आहेत. सरासरी निघते ४०. ऐकायला छान, पण चाळीसच्या आसपास पुस्तकं एकाही घरात नाहीत. मध्यक आहे ४, आणि तोच आपल्या वस्तीचं खरं चित्र सांगतो. वाचनसंस्कृतीवर भाषण करणाऱ्याने यातला कोणता आकडा उचलला, ते नीट ऐकायला हवं.

हे सगळं कशासाठी? कारण मराठीचा ऐच्छिक विषय ठेवायचा का, वाचनालयात मराठी पुस्तकं घ्यायची का, हे ठरताना कुणीतरी एक आकडा पुढे करतो आणि आपण गप्प बसतो. भावनेने उत्तर दिलं तर ‘साहित्याची मुलं, चालायचंच’ म्हणून सोडून देतात.

म्हणून माझं म्हणणं एवढंच : यंदा मराठी भाषा दिनाला ठराव करण्याऐवजी मंडळाने एक छोटी, नीट पाहणी करावी. ‘मराठी बोलणारा’ म्हणजे कोण, हे आधी लिहून ठेवायचं. याद्या मंडळाच्या घ्यायच्या, तशा पॅरिशच्याही घ्यायच्या. किती जणांना विचारलं आणि किती जणांनी उत्तरच दिलं नाही, दोन्ही सांगायचं. आणि निकाल आपल्याला आवडला नाही, तरी तो याच अंकात छापायचा.