खेळण्याचं कुलूप, दवाखान्याचं कुलूप

माळेगावच्या यात्रेत किंवा लातूरच्या सिद्धेश्वर यात्रेत खेळण्यांच्या पालांवर तळहाताएवढा एक व्हिडिओ गेम हमखास दिसतो. डब्यावर ‘४०० गेम’ असं छापलेलं असतं, किंमत चार-पाचशेच्या आसपास. आतले बरेचसे खेळ निन्टेंडो या जपानी कंपनीच्या जुन्या घरगुती यंत्रावरून जसेच्या तसे उचललेले असतात. पोरांना त्याचं काही सोयरसुतक नसतं, आणि घेऊन देणाऱ्या आजोबांनाही नसतं. कंपनीला मात्र असतं. खेळाची नक्कल होऊ नये म्हणून या धंद्यात गेली कित्येक वर्षं कुलूप लावणारे आणि कुलूप उघडणारे यांची झटापट चालू आहे. आरोग्याच्या सदरात हा विषय कशाला, असं तुम्हाला वाटेल. पण अगदी तीच कुलपं आता साखर तपासायच्या यंत्राला, प्रयोगशाळेतल्या ॲनालायझरला आणि व्हेंटिलेटरलाही आहेत.

आधी खेळण्याचं. निन्टेंडोचा ‘स्विच २’ ५ जून २०२५ रोजी बाजारात आला. त्याच्या आधीच्या महिन्यात कंपनीने वापराच्या अटी बदलल्या होत्या. ग्राहकाने यंत्रात परवानगीशिवाय फेरफार केला, तर कंपनी ते यंत्र पूर्णपणे किंवा अंशतः कायमचं निकामी करू शकते, असं त्यात आलं. नुसती धमकी नव्हती. नकली कार्ट्रिज वापरणाऱ्यांची यंत्रं काही दिवसांतच कंपनीच्या ऑनलाइन सेवांमधून तोडली गेली. वापरलेलं कार्ट्रिज प्रामाणिकपणे विकत घेतलेले काही जणही त्यात अडकल्याच्या बातम्या आल्या. पैसे मोजून घरी आणलेली वस्तू विकणाऱ्याने लांबूनच बंद करावी, ही गोष्ट आपल्याकडच्या ग्राहकाला अजून नवीन आहे.

पूर्वीची कुलपं साधी, पण डोकेबाज होती. १९८९ च्या ‘गेम बॉय’मध्ये यंत्र सुरू होताना कार्ट्रिजमधलं कंपनीचं बोधचिन्ह वाचलं जाई आणि यंत्राच्या पोटातल्या चिन्हाशी ताडून पाहिलं जाई. जुळलं नाही तर यंत्र तिथेच थांबायचं. नक्कल करणाऱ्याला म्हणून ते चिन्ह छापावंच लागे; आणि छापलं की बोधचिन्ह चोरल्याचा दावा ठोकायला कंपनी मोकळी. तंत्रज्ञाने लावलेल्या कुलपाची किल्ली वकिलाच्या खिशात, असा हा प्रकार होता.

पुढची दोन उदाहरणं मला जास्त महत्त्वाची वाटतात. सोनीच्या ‘पीएसपी’ला २००७ मध्ये ‘पँडोरा बॅटरी’ने उघडलं. साध्या बॅटरीच्या चिपमधला अनुक्रमांक बदलला की यंत्राला वाटायचं, आपण कंपनीच्या दुरुस्ती केंद्रात आहोत, आणि ते तसे दरवाजे उघडून बसायचं. एप्रिल २०१८ मध्ये पहिल्या ‘स्विच’चंही तेच झालं. त्याच्या एनव्हिडियाच्या चिपमध्ये बिघाडाच्या वेळी वापरायचा एक खास मार्ग होता. बाजूच्या पट्टीतली दोन टोकं तारेच्या तुकड्याने जोडायची, यूएसबीतून ठरावीक माहिती पाठवायची, की कुलूप गळून पडलं. दोष चिपच्या कधीही न बदलणाऱ्या भागात होता, त्यामुळे अपडेट पाठवून तो बुजवता येईना. आमच्या भाषेत सांगायचं तर जन्मजात दोष. त्यावर गोळी नाही. तोवर पावणेदोन कोटींहून अधिक यंत्रं विकली गेली होती. कंपनीला पुढच्या यंत्रांत चिपच सुधारून घालावी लागली. दोन्ही वेळा चोर आत शिरला तो मेकॅनिकसाठी ठेवलेल्या दारातून, हे लक्षात ठेवावं. दुरुस्तीची वाट आणि घुसखोरीची वाट एकच असू शकते. म्हणूनच कंपन्या दुरुस्तीचं दार बंद करायला बघतात, आणि त्याची किंमत चोर देत नाही, ज्याचं यंत्र बिघडतं तो देतो.

शिक्षाही हलक्या नाहीत. ‘स्विच’ची कुलपं तोडणारी साधनं विकणाऱ्या टोळीतल्या गॅरी बाउझर याला अमेरिकेत फेब्रुवारी २०२२ मध्ये ४० महिन्यांची कैद झाली आणि लाखो डॉलरची भरपाई त्याच्या डोक्यावर बसली.

आता दवाखान्यात येऊ. खेळण्याच्या धंद्याचं सूत्र म्हणजे यंत्र स्वस्त द्यायचं आणि कमाई कार्ट्रिजवर करायची. मधुमेहाच्या रुग्णाच्या घरात हेच सूत्र ग्लुकोमीटरच्या रूपात येतं. मीटर सवलतीत मिळतो, कधी कधी फुकटही मिळतो. पण त्याला पट्टी त्याच कंपनीची लागते, दुसरी चालत नाही. काही जुन्या मीटरला तर पट्ट्यांच्या प्रत्येक डबीबरोबर नवी कोड चिप घालावी लागायची. किनवट, मुखेड किंवा अहमदपूरहून येणारे रुग्ण पिशवीतून मीटर काढून दाखवतात, तेव्हा हटकून प्रश्न असतो, ‘साहेब, पट्टी गावात मिळत नाही, दुसरी बसवली तर चालंल का?’ चालत नाही. टाइप १ मधुमेहाच्या लेकराला दिवसातून किमान चार वेळा साखर बघावी लागते. पट्टी पंधरा रुपयांना धरली तर महिन्याचे अठराशे रुपये होतात, इन्सुलिन वेगळं. आईबाप शेतमजुरी करत असतील तर पहिली काटछाट पट्ट्यांवर येते. चाराची दोन होतात, दोनाची आठवड्यातून एक. मग लेकरू एक दिवस धापा टाकत, तोंडाला गोडसर वास येत कीटोॲसिडोसिसमध्ये दाखल होतं.

पट्टी कंपनीगणिक वेगळी असण्याला शास्त्रीय कारण आहे, हे सांगितलं पाहिजे. पट्टीवरचं विकर, त्यातून निघणारा विद्युतप्रवाह आणि मीटरमधलं गणित एकमेकांशी जुळवलेलं असतं. भलतीच पट्टी बसली तर १८० ची साखर १२० दिसेल, आणि त्यावर इन्सुलिनचा डोस ठरेल. तेव्हा ‘सगळी कुलपं तोडा’ असं म्हणणं शुद्ध वेडेपणा होईल. पण साऱ्या कंपन्यांनी मिळून पट्टीचं एक मानक का ठरवू नये, या प्रश्नाला शास्त्रात उत्तर नाही, ते धंद्यात आहे. मोबाइलच्या चार्जरचं असंच होतं. युरोपीय संघाने कायदा करून एकच टोक सक्तीचं केलं, तेव्हा कुठे तो घोळ आवरला.

प्रयोगशाळेतलं कुलूप रुग्णाला दिसत नाही. रक्ताच्या तपासण्या करणारे मोठे ॲनालायझर दोन प्रकारचे असतात. खुल्या यंत्रात कोणत्याही चांगल्या कंपनीचं रसायन चालतं. बंद यंत्रात बाटलीवरचा बारकोड किंवा चिप वाचली जाते. बाटली यंत्राच्या कंपनीची नसेल तर यंत्र नकार देतं. एका बाटलीतून जितक्या तपासण्या ठरलेल्या असतील तितक्या झाल्या की तळाशी रसायन शिल्लक असलं तरी ती ‘रिकामी’ ठरू शकते. सरकारी खरेदीत यंत्र एका निविदेत येतं आणि रसायनं वर्षावर्षाला वेगळ्या मागणीत. दुसऱ्या खेपेला स्पर्धा उरलेलीच नसते, भाव सांगणारा एकच. निधी उशिरा आला, मागणी अडकली, की लाखो रुपयांचं धडधाकट यंत्र झाकण घालून बसतं आणि क्रिएटिनिनसाठी नातेवाईक बाहेरच्या लॅबची चिठ्ठी घेऊन फिरतात. यंत्र बिघडलेलं नसतं. ते उपाशी असतं.

बिघडलेल्यांची गोष्ट निराळी. राष्ट्रीय आरोग्य अभियानाने दशकापूर्वी देशभरातल्या सरकारी दवाखान्यांतल्या यंत्रांची मोजदाद केली, तेव्हा राज्याराज्यांत १३ ते ३४ टक्के यंत्रं बंद आढळली. त्यातूनच देखभालीचा वेगळा कार्यक्रम आणि कंत्राटं आली. कोविडमध्ये मराठवाड्याने याचं टोक पाहिलं. औरंगाबादच्या घाटी रुग्णालयाला पीएम केअर्समधून १५० व्हेंटिलेटर आले होते. त्यांतल्या ११३ यंत्रांत दोष असल्याचं मे २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापुढे आलं. मग यंत्रातच खोट की वापरणाऱ्यांच्या हातात, यावर बाजू मांडल्या गेल्या. वाद कुलपाचा नव्हता, हे खरं. पण यंत्राच्या पोटात काय चाललंय ते दवाखान्याला स्वतः बघता येत नसेल, तर अशा वादात त्याचा शब्द नेहमीच हलका पडणार. त्याच सुमारास अमेरिकेत एक जुना, दणकट व्हेंटिलेटर चर्चेत होता. एका बंद यंत्राचा पडदा दुसऱ्याला बसवला तरी कंपनीच्या सॉफ्टवेअरने ‘मंजूर’ म्हटल्याशिवाय तो चालेना. पोलंडमधल्या एका तंत्रज्ञाने घरी बनवलेली छोटी डोंगल टपालाने तिकडे पोचली आणि दवाखान्यांचे मेकॅनिक त्यावर यंत्रं उठवू लागले. पुढे २०२१ मध्ये अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाने दुरुस्तीसाठी वैद्यकीय यंत्रांची अशी कुलपं उघडण्याला सूट दिली.

सगळ्यांत गुंतागुंतीचं प्रकरण इन्सुलिन पंपाचं आहे. जे रेडक्लिफ या संगणक सुरक्षेतल्या जाणकाराला स्वतःला टाइप १ मधुमेह होता. २०११ मध्ये त्याने भर परिषदेत दाखवलं, की अंगावरच्या पंपाला बिनतारी आज्ञा देऊन डोस बदलता येतो. म्हणजे दूरवरून माणूस मारता येतो. जून २०१९ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने मेडट्रॉनिकच्या जुन्या पंपांबद्दल हाच इशारा दिला. दोष अपडेटने दुरुस्त होण्यासारखा नव्हता, पंपच बदलायला सांगितले. गंमत अशी, की नेमके तेच जुने, फटीचे पंप टाइप १ च्या काही रुग्णांना हवे होते. त्या फटीतून पंपाला साखरेचा सेन्सर आणि मोबाइलमधलं गणित जोडून त्यांनी घरच्या घरी स्वादुपिंड तयार केलं होतं. रात्री साखर घसरली की पंप आपोआप इन्सुलिन थांबवायचा. डेना लुइस या तरुणीने आपल्या नवऱ्यासोबत केलेलं काम यात अग्रेसर. कंपन्यांची तशी यंत्रं बाजारात येईपर्यंत थांबायला ही मंडळी तयार नव्हती.

अशाच खुल्या गणिताची शास्त्रीय परीक्षा पुढे न्यूझीलंडमध्ये झाली. ९७ रुग्णांवरचा हा अभ्यास सप्टेंबर २०२२ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आला. खुलं गणित वापरणाऱ्यांची साखर इतरांपेक्षा रोज सव्वातीन तासांहून अधिक वेळ योग्य मर्यादेत राहिली. फुकट वाटलेल्या सूत्राने हे केलं, याचं मला डॉक्टर म्हणून कौतुक आहे. तरीही जुना पंप कुठून तरी मिळवून, व्हिडिओ बघून कोणी घरी असा प्रयोग करू लागला तर मी त्याला अडवीन. त्या अभ्यासातल्या लोकांच्या मागे प्रशिक्षित पथक होतं. आपल्याकडे रात्री दोनला फोन कुणाला करायचा, इथपासून सुरुवात आहे.

कायदा काय म्हणतो? आपल्या कॉपीराइट कायद्यात २०१२ मध्ये ६५ ए हे कलम आलं. हक्कभंगाच्या हेतूने तांत्रिक कुलूप तोडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. ‘हेतूने’ हा शब्द तिथे मोलाचा आहे. यात्रेतले ४०० खेळ उचलणारा आणि स्वतःचा बंद पडलेला मॉनिटर उघडणारा दवाखाना यांना तो वेगळं करतो. आपल्याकडची खरी अडचण तुरुंगाची नाही, वॉरंटी आणि देखभाल कराराची आहे. सील तुटलं की कंपनी हात वर करते. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये ‘दुरुस्तीच्या हक्का’साठी समिती नेमली आणि डिसेंबरमध्ये पोर्टलही काढलं. त्यात चार क्षेत्रं घेतली: शेतीची अवजारं, मोबाइल-टॅबलेट, घरगुती उपकरणं आणि वाहनं. ट्रॅक्टर आला, मिक्सर आला; व्हेंटिलेटर आणि डायलिसिसचं यंत्र नाही आलं. ही चूक दुरुस्त व्हायला हवी, आणि त्यासाठी जिल्ह्याजिल्ह्यांतल्या वैद्यकीय महाविद्यालयांनी आवाज काढायला हवा.

कुलूप नकोच, असं मात्र नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या ‘एम्स’वर सायबर हल्ला झाला आणि देशातलं सर्वांत नावाजलेलं रुग्णालय कित्येक दिवस कागद-पेनावर चाललं. जाळ्यात जोडलेली यंत्रं उघडी टाकणं परवडणारं नाही. माझं म्हणणं इतकंच आहे, की किल्लीची एक प्रत यंत्राच्या मालकाकडे हवी. निविदेतच लिहून घेता येतं: सर्व्हिस पासवर्ड आणि दुरुस्तीची पुस्तिका दवाखान्याच्या बायोमेडिकल इंजिनीअरला मिळेल, पुढच्या सात वर्षांचे रसायनांचे भाव आजच बांधले जातील, शक्य तिथे खुलं यंत्रच घेतलं जाईल. यंत्राची किंमत नव्हे, एका तपासणीला पडणारा खर्च तोलून खरेदी करावी. हे करायला नवा कायदा लागत नाही.

घरी मीटर घेणाऱ्यांसाठीही हिशेब तोच. दुकानात मीटरची किंमत शेवटी विचारा. आधी पन्नास पट्ट्यांची डबी केवढ्याला, ती आपल्या तालुक्याच्या गावात बारमाही मिळते का आणि डबी उघडल्यावर किती महिने टिकते, हे विचारा. बऱ्याच पट्ट्या उघडल्यापासून तीन ते सहा महिन्यांत वापरायच्या असतात. आठवड्याला एकदा तपासणाऱ्याने पन्नासची डबी घेतली तर अर्ध्या वाया जातात, त्याला पंचवीसची बरी.