पुढच्या हंगामाची उधारी

वाण्याच्या दुकानात एक पाटी असते : ‘आज रोख, उद्या उधार’. पाटी रोज तीच असते आणि तो उद्या काही उजाडत नाही. मँचेस्टर युनायटेड या इंग्लंडमधील फुटबॉल क्लबच्या चाहत्यांची २०१३ पासूनची सारी वर्षे अशाच एका पाटीखाली गेली आहेत. ‘यंदाचे सोडा, संघाची पुनर्बांधणी चालू आहे, पुढच्या हंगामात बघा!’ प्रस्तुत लेखक याच चाहत्यांपैकी एक असल्यामुळे पुढील मजकुरात वाचकांनी निःपक्षपातीपणा शोधण्याचे कष्ट घेऊ नयेत.

२०२५ च्या पावसाळ्यात आमच्या वसतिगृहात या विषयावर जी घमासान चर्चा झाली तिला निमित्तही तसेच होते. नुकत्याच संपलेल्या हंगामात युनायटेड वीस संघांच्या साखळीत १५ वा आला होता. ३८ सामने, ४२ गुण. वीस वेळा इंग्लंडचे विजेतेपद मिळविणाऱ्या क्लबाची ही अवस्था! त्यावर कडी म्हणजे २१ मे रोजी बिल्बाओला झालेला युरोपा लीगचा अंतिम सामना. आपल्याकडे रात्री साडेबाराला सुरू झालेला हा सामना टॉटनहॅमने १-० असा जिंकला आणि तो टॉटनहॅम साखळीत १७ वा होता! परिणामी २०२५-२६ च्या हंगामात युनायटेडला युरोपातील एकाही स्पर्धेचे दार उघडे राहिले नाही.

अशा वेळी आपल्या देशाच्या इतिहासाला अनुसरून आमच्यातही जहाल आणि मवाळ असे दोन पक्ष पडले. प्रशिक्षक रूबेन अमोरिम यांना ताबडतोब घरी पाठवा, असे जहालांचे म्हणणे. त्यांना वेळ द्या, असे मवाळांचे. पुढे ऑगस्टमध्ये लीग कपात चौथ्या श्रेणीतल्या ग्रिम्सबी टाउनने युनायटेडला २-२ अशा बरोबरीनंतर पेनल्टींवर १२-११ असे हरविले, तेव्हा जहालांची संख्या एका रात्रीत दुप्पट झाली. जानेवारी २०२६ मध्ये अमोरिम गेलेही. जहालांची मागणी मान्य झाली खरी. पण वाद होता तिथेच राहिला, कारण नवा माणूस आला की त्याला वेळ द्यायचा की नाही हा प्रश्न पुन्हा पहिल्या पानापासून सुरू होतो.

मवाळांचे ब्रह्मास्त्र म्हणजे ॲलेक्स फर्ग्युसन. हा माणूस नोव्हेंबर १९८६ मध्ये युनायटेडला आला. १९८८-८९ मध्ये संघ ११ वा, त्यापुढच्या वर्षी १३ वा. सप्टेंबर १९८९ मध्ये गावातल्याच मँचेस्टर सिटीने त्यांना ५-१ असे झोडपले होते. तीन वर्षे नुसत्या सबबीच ऐकतो आहोत, अशा अर्थाचा फलक प्रेक्षकांनी मैदानात आणला होता. तरी क्लबाने धीर सोडला नाही. १९९० मध्ये एफ. ए. कप आला, १९९३ मध्ये २६ वर्षांनी साखळीचे विजेतेपद आले आणि पुढची वीस वर्षे काय झाले ते सर्वांना ठाऊक आहे. ‘तेव्हा हाकलला असता तर?’ असे विचारून मवाळ मंडळी विजयी मुद्रेने चहाचा कप उचलतात.

माझा आक्षेप इथेच आहे. त्या सहासात वर्षांत फर्ग्युसनना नुसता वेळ मिळाला नव्हता. त्या वेळात काम चालू होते. शहरातली चांगली पोरे सिटीवाले उचलून नेतात हे पाहून त्यांनी शोधपथकाची सगळी घडी बदलली. सिटीच्या केंद्रात सराव करणाऱ्या चौदा वर्षांच्या रायन गिग्जला आणायला ते स्वतः त्याच्या घरी गेले. याच मुलांतून १९९२ साली युनायटेडने तरुणांचा एफ. ए. यूथ कप जिंकला. गिग्ज, बेकहॅम, बट, गॅरी नेव्हिल हे सगळे त्या संघात होते. म्हणजे वरचा संघ १३ वा असताना खाली बी पेरले जात होते आणि ज्याला पाहायचे होते त्याला ते दिसतही होते. नुसत्या पडीक जमिनीकडे बोट दाखवून ‘पाऊस पडू द्या’ म्हणणे वेगळे आणि पेरणी झालेल्या शेताच्या बांधावर बसून वाट पाहणे वेगळे.

आता २०१३ नंतरचे पाहा. मे २०१३ मध्ये फर्ग्युसन निवृत्त झाले. डेव्हिड मॉइज यांना सहा वर्षांचा करार दिला आणि दहा महिन्यांत निरोप. मग व्हान हाल. २०१६ चा एफ. ए. कप जिंकला आणि लगेच गेले. मग मोरिन्यो, मग सोल्शायर, मग टेन हाग, मग अमोरिम. हंगामी सोडून सहाजण! यात आकड्यापेक्षा वाईट गोष्ट अशी की या सहांचा खेळ सहा तऱ्हांचा होता. एकाला चेंडू पायाशी घोळवत ठेवायचा, दुसऱ्याला बचावफळी मागे खेचून एकदम मुसंडी मारायची. टेन हाग बचावात चौघे ठेवीत आणि दोन्ही बाजूंना वेगवान विंगर. अमोरिम बचावात तिघेच ठेवीत आणि त्यांच्या रचनेत त्या विंगरांना जागाच नाही. प्रत्येकाने आपल्या सोयीचे खेळाडू मागितले, क्लबाने पैसे ओतले आणि माणूस गेला की त्याने आणलेले खेळाडू पुढच्याच्या गळ्यात!

पॉल पोग्बा याच क्लबाच्या अकादमीत वाढला. २०१२ मध्ये तो युव्हेंटसला गेला तेव्हा युनायटेडच्या हाती जवळजवळ काही लागले नाही. त्यालाच २०१६ मध्ये सुमारे ८ कोटी ९० लाख पौंड मोजून परत आणले. २०२२ मध्ये तो दुसऱ्यांदा गेला, तोही फुकट. टेन हाग यांनी आपल्या जुन्या आयाक्स क्लबातले ओळखीचे पाचजण गोळा केले. त्यांतल्या अँटनीसाठी ८ कोटी पौंडांहून अधिक गेले आणि तीन वर्षांनी त्याला पार स्पेनमध्ये घर शोधावे लागले. घर बांधताना दर दोन वर्षांनी गवंडी बदलावा आणि प्रत्येक नव्या गवंड्याने आधीची भिंत पाडून स्वतःच्या मापाच्या विटा मागवाव्यात, तसे हे चालले आहे. याला पुनर्बांधणी म्हणायचे असेल तर पाडापाडी कशाला म्हणतात?

(आपल्या महाविद्यालयाच्या संघाची बांधणी दर जूनमध्ये नव्याने होते. तृतीय वर्षाचे सहासातजण एकदम बाहेर पडतात, उरलेल्यांना बूट मापाचे मिळत नाहीत. पण त्याला आपण पुनर्बांधणी म्हणत नाही, ‘निवड चाचणी’ म्हणतो.)

हंगामी म्हणून आलेल्या राल्फ रांगनिक यांनी २०२२ मध्ये स्पष्टच सांगितले होते की वरवरची मलमपट्टी पुरणार नाही, या क्लबाला हृदयाची शस्त्रक्रिया हवी आहे. त्यांना पुढे दोन वर्षे सल्लागार म्हणून ठेवायचे ठरले होते. तेही झाले नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये जिम रॅटक्लिफ यांनी क्लबातील चौथाईहून थोडा अधिक हिस्सा घेऊन फुटबॉलचा कारभार हाती घेतला, तेव्हा मवाळांना वाटले की आता शस्त्रक्रिया होणार. त्याच वर्षी जुलैत टेन हाग यांचा करार वाढविला आणि ऑक्टोबरमध्ये त्यांना काढले. क्रीडा संचालक म्हणून डॅन ॲशवर्थ यांना जुलैत बसविले आणि डिसेंबरमध्ये तेही गेले. पाच महिने! आमच्या मेसचा आचारीसुद्धा याहून जास्त टिकतो.

तेव्हा जहालांना मला सांगावेसे वाटते की दोष एका माणसाच्या डोक्यावर ठेवून तुम्ही खऱ्या गुन्हेगाराला मोकळे सोडता. खुर्चीवरचा बदलतो, खुर्ची देणारे बदलत नाहीत. आणि मवाळांना विचारावेसे वाटते की वेळ द्यायचा तो कशासाठी? पहिल्या वर्षी काय दिसेल, दुसऱ्या वर्षी काय, याचा हिशेब मागायला काय हरकत आहे? पगार देताना काम विचारतात, मग मुदत देताना का विचारू नये?

या वादात आर्सेनलचा एक भक्त खिडकीत बसून मंद हसत असतो. त्याला हसण्याचा अधिकार आहे, हे नाइलाजाने मान्य करावे लागते. अर्टेटा तिकडे डिसेंबर २०१९ मध्ये आले. पहिले दोन हंगाम आठवे. २०२१-२२ ची सुरुवात तीन पराभवांनी झाली, एकही गोल नाही, संघ तक्त्याच्या तळाला. पण त्याच उन्हाळ्यात त्यांनी घेतलेले सहाही खेळाडू २३ वर्षांचे किंवा त्याहून लहान होते. मोठ्या पगाराच्या ओबामेयांगला शिस्तीच्या कारणावरून कर्णधारपदावरून उतरविले. त्या वर्षी संघ पाचवा आला आणि २०२३, २०२४, २०२५ अशी सलग तीन वर्षे दुसरा. ‘दुसराच ना?’ असे आमचे जहाल कुत्सितपणे म्हणतात. पंधराव्या नंबराच्या माणसाने दुसऱ्याला हिणवू नये, एवढे तारतम्य त्या गडबडीत राहत नाही.

प्रथम वर्षाच्या एका मुलाने एकदा निरागसपणे विचारले, ‘इतका त्रास होतो तर दुसरा संघ का धरत नाही?’ यावर आमचा कोल्हापूरचा मित्र जे बोलला ते मला पटले. त्याच्या गावी तालमींचे फुटबॉल संघ आहेत. शाहू स्टेडियमवर पेठच्या पेठ लोटते. तो म्हणाला, ‘आमच्याकडं संघ हरला म्हणून कुणी पेठ बदलत न्हाई. पण घरी येताना शिव्या मात्र मन लावून देतो.’ आता मँचेस्टर काही माझी पेठ नव्हे. ते गाव मी पाहिलेले नाही, पाहीनसे वाटतही नाही. पण दहा वर्षे शनिवार-रविवार ज्याच्यासाठी जागलो त्याच्यावर थोडासा हक्क लागतोच. शिव्या देण्याचा तरी.

मग पुढचे काय? माझ्या मते २०२८ च्या आत विजेतेपदाची भाषा कोणी करू नये. २०२५ च्या उन्हाळ्यात कुन्या, म्ब्वेमो आणि शेश्को या आघाडीच्या तिघांवर सुमारे २० कोटी पौंड खर्च झाले. गोल त्यांनी वाढतील. पण मी डोळे लावून बसेन ते निराळ्याच गोष्टीकडे. ऑक्टोबर १९३७ पासून प्रत्येक सामन्याच्या चमूत आपल्याच अकादमीतला निदान एक तरी खेळाडू, हा या क्लबाचा रिवाज आहे. २०२४ च्या एफ. ए. कपाच्या अंतिम सामन्यात सिटीविरुद्ध दोन्ही गोल अशाच मुलांनी केले : गार्नाचो आणि मेनू. गार्नाचोला पुढच्याच वर्षी चेल्सीला विकला. दोन वर्षांनीही मेनू आणि त्याच्यासारखे दोघेतिघे मध्यफळीत उभे असतील आणि खेळाची तऱ्हा क्लब ठरवून मग तिला साजेसा प्रशिक्षक शोधत असेल, तर संघ सहावा आला तरी मी मवाळांच्या पंगतीला जाऊन बसेन.

सर्वांचे अंदाज एका कागदावर लिहून तो मेसच्या भिंतीवर चिकटविला आहे. २०२६-२७ साठी जहालांच्या म्होरक्याने ‘बारावा’ लिहिले आहे, मवाळांच्या म्होरक्याने ‘तिसरा’, मी ‘सहावा’. आर्सेनलच्या भक्ताने नुसतेच एक हसरे तोंड काढले आहे. पैज रविवारच्या फीस्टची आहे आणि ती रोखीची आहे.