'नॅनो गोल्ड'चा गॉगल आणि तुमचे डोळे

गेल्या महिन्यात एक चोवीस वर्षांची मुलगी दवाखान्यात आली. आली होती डोकेदुखीसाठी. बोलता बोलता म्हणाली, "डॉक्टर, उजव्या डोळ्याने वाचताना मधलंच अक्षर दिसत नाही." ती एका ब्युटी सेंटरमध्ये मदतनीस आहे. तिथे लेझरने चेहऱ्यावरचे डाग आणि टॅटू काढतात. दोन दिवसांपूर्वी ती स्टीलचा ट्रे पुढे करत असतानाच मशीनचे पायडल दाबले गेले. डोळ्यात 'टप्' असा आवाज झाल्यासारखे तिला वाटले आणि समोर काळा ठिपका आला. दुखले अजिबात नाही, म्हणून ती कुणाला बोललीही नाही.

"गॉगल नव्हता का?"

"होता ना. नॅनो गोल्डचा. सगळ्या लेझरला चालतो म्हणाले."

त्याच दिवशी तिला रेटिनाच्या डॉक्टरांकडे पाठवले. ओसीटी स्कॅनमध्ये दृष्टिपटलाच्या बरोबर मध्यभागी भाजल्याची जखम निघाली. नंतर तिने तो गॉगल मला आणून दाखवला. नारिंगी प्लॅस्टिक, दांडीवर सोनेरी अक्षरांत 'नॅनो', आणि आकडा एकही नाही. हा लेख मी रागाने लिहितो आहे, हे आधीच सांगून टाकतो.

माझा राग नॅनोवर नाही. नॅनो सोने ही खरी आणि सुंदर गोष्ट आहे, आणि बहुधा तुमच्या घरातही येऊन गेली असेल. प्रेग्नन्सी टेस्टच्या पट्टीवरची लाल रेघ आठवा. बहुतेक पट्ट्यांमध्ये ती सोन्याच्या कणांची असते. हे कण साधारण 40 नॅनोमीटरचे असतात, आणि एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. इतके बारीक केले की सोने पिवळे राहत नाही. कणातले इलेक्ट्रॉन ठराविक रंगाच्या प्रकाशाबरोबर झोके घेतात आणि तो रंग शोषून घेतात. गोल कणांसाठी तो रंग हिरवा, सुमारे 520 नॅनोमीटर तरंगलांबीचा. हिरवा गेला की आपल्याला लाल दिसते. सोन्याचे असे लाल द्रावण मायकेल फॅरडेने 1857 मध्येच अभ्यासले होते.

हेच कण काचेत, प्लॅस्टिकमध्ये किंवा द्रवात बसवून शास्त्रज्ञ ते पल्स लेझरसाठी वापरून पाहतात. बंगळुरूच्या रामन संशोधन संस्थेतही या प्रकारचे काम झाले आहे. यात दोन वेगळे उद्देश असतात, आणि घोळ इथेच होतो. पहिला उद्देश लेझरच्या आत झडप बसवण्याचा. मंद प्रकाश हे कण अडवतात, पण प्रकाश जोरदार झाला की शोषून शोषून 'भरतात' आणि उरलेला पुढे सोडतात. त्यामुळे साठलेली ऊर्जा एकदम, झटक्यात बाहेर पडते. दुसरा उद्देश नेमका उलटा, म्हणजे संरक्षणाचा. प्रकाश फारच तीव्र झाला की कण तापतात, भोवतालच्या द्रवात सूक्ष्म बुडबुडे उठतात आणि किरण विखुरला जातो.

पुन्हा वाचा. तेच सोने एका तीव्रतेला वाट मोकळी करते आणि दुसऱ्या तीव्रतेला वाट अडवते. कणांचा आकार, किरणाचा रंग, पल्सची लांबी, कण कशात बसवले आहेत, या सगळ्यावर ते अवलंबून असते. मग दांडीवर नुसते 'नॅनो' लिहून कुणाला काय कळणार? घराला दार आहे, एवढेच सांगितल्यासारखे आहे हे. ते उघडे आहे की बंद, ते कोण सांगणार?

आता आकडे पाहू, कारण डोळा आकड्यांनीच जातो किंवा वाचतो. टॅटू काढणारे नेहमीचे क्यू-स्विच्ड एनडी-याग मशीन 1064 नॅनोमीटरचा किरण सोडते. तो डोळ्यांना दिसत नाही. बहुतेक मशीनमधून 532 नॅनोमीटरचा हिरवा किरणही निघतो. अर्धा ज्यूल ऊर्जा 5 नॅनोसेकंदांत सोडली, तर त्या क्षणापुरती शक्ती 10 कोटी वॅट होते. आपली पापणी मिटायला पाव सेकंद लागतो. तेवढ्या वेळात असे 5 कोटी पल्स एकामागे एक बसतील. म्हणजे पापणीचा काही उपयोग नाही. त्यात भर म्हणजे डोळ्याचे भिंग हा अदृश्य किरणही दृष्टिपटलावर एकवटते. बुबुळावर असते त्याच्या सुमारे एक लाख पट तीव्रता आतल्या ठिपक्यावर होऊ शकते. स्टीलच्या ट्रेवरून परावर्तित झालेला किरणसुद्धा पुरतो, तो असा.

सोन्याच्या गोल कणांना 1064 चा किरण जवळजवळ दिसतच नाही. त्यासाठी कण लांबट, काडीसारखे करावे लागतात. आणि या काड्या जोरदार पल्सने वितळून पुन्हा गोल होतात, हेही प्रयोगात दिसले आहे. म्हणजे आज अडवणारी काच काही पल्सनंतर अडवेलच असे नाही. तिच्या नारिंगी गॉगलमध्ये सोने खरोखर होते की नाही, देव जाणे. होते असे धरले, तरी अदृश्य किरणासाठी ते पुरेसे ठरेल याचा काडीचाही पुरावा नव्हता. नारिंगी रंग हिरव्या किरणाला अडवतो, म्हणून चाचणी घेणाऱ्यालाही 'चालतोय' असे वाटत असावे.

कुणी म्हणेल, "डॉक्टर, नॅनो कण लेझर अडवतात असे शोधनिबंध आहेत." आहेत. त्यांत कोणता रंग, किती नॅनोसेकंद, किती ऊर्जा, हे सगळे लिहिलेले असते. विकणाऱ्याने नेमके तेवढेच खोडून मथळा ठेवला आहे. औषधाच्या बाटलीवरून मात्रा आणि नाव पुसून 'शक्तिशाली' एवढेच ठेवले, तर तुम्ही ते घ्याल का?

खऱ्या लेझर गॉगलवर तरंगलांबी छापलेली असते आणि शेजारी 'ओडी' हा आकडा असतो. ओडी 1 म्हणजे दहावा भाग आत जातो, ओडी 5 म्हणजे एक लाखावा, ओडी 7 म्हणजे एक कोटीवा. युरोपीय मानकाच्या गॉगलवर इंग्रजी अक्षरेही असतात. त्यात 'डी' म्हणजे अखंड किरण आणि 'आर' म्हणजे नॅनोसेकंदांचे जोरदार पल्स. 532 साठीचा गॉगल 1064 ला चालेल असे गृहीत धरू नका. दोन्हींचे आकडे हवेत.

तुम्ही खुर्चीत बसणारे रुग्ण असाल तर तुमचे काम आणखी सोपे आहे. तुम्हाला काहीही पाहायचे नसते. म्हणून तुमच्या डोळ्यांवर पारदर्शक काच नको, धातूची पूर्ण अपारदर्शक वाटी हवी. पापणीवर किंवा अगदी जवळ लेझर असेल, तर पापणीच्या आत बसवायचे धातूचे कवच लागते आणि ते डॉक्टरच बसवतात. ओला कापूस किंवा 'डोळे घट्ट मिटा' हे संरक्षण नाही.

त्या सेंटरमधून मुलीला फोन आला होता. गॉगल परत मागितला, नव्या मदतनिसाला लागतो म्हणून. तो माझ्या टेबलाच्या खणात आहे आणि तिथेच राहील. मुलीचा ठिपका तीन आठवड्यांत थोडा लहान झाला आहे, गेलेला नाही.

लेझरच्या खोलीतून बाहेर पडल्यावर ठिपका, धूसरपणा किंवा वाकड्या रेषा दिसल्या, तर दुखत नसले तरी त्याच दिवशी रेटिनाच्या डॉक्टरांकडे जा. मेडिकलमधून थेंब आणून घालू नका. एक डोळा झाकून दुसऱ्याने वाचून पाहा, कारण दोन्ही उघडे असताना चांगला डोळा दुसऱ्याची उणीव झाकतो. आणि जाताना मशीनची तरंगलांबी लिहून न्या, डॉक्टर ती पहिल्यांदा विचारतील.